नऊ नंबर आणि एकवीस नंबर

ऑक्टोबरचा दुसरा आठवडा आला की दुबईतली माणसं हवेची बातमी आनंदाची बातमी असल्यासारखी सांगत सुटतात. आज बाल्कनीत बसून चहा घेतला. आज गाडीची काच खाली केली. ऑफिसच्या लिफ्टमध्ये अनोळखी लोकसुद्धा हसून म्हणतात, "फायनली!" मी मान हलवते. मला त्या हवेत ओल्या हातमोज्यांचा वास येतो आणि डोकं फिरतं.

हा वास ज्यांना माहीत नाही ते भाग्यवान. आइस हॉकीचे हातमोजे जाड, चामड्याचे. घामाने भिजतात, कधीच धड वाळत नाहीत, आणि मग बॅगेत आठवडाभर कोंडून ठेवले जातात. बाहेर चाळीस डिग्री, आत बर्फाचं मैदान, आणि मधे हा वास. या देशात ऋतू दोनच, एसीचा आणि कमी एसीचा. त्यात तिसरा घुसवला तो आमच्या हॉकी लीगने.

यंदाही मेसेज आलाच. "सीझन इज बॅक, फॅमिली!" पाठवणारा डग. हा मूळचा कॅनडाचा, माझ्यापेक्षा आधीपासून इथे, आणि लीगच्या कमिटीचा अध्यक्ष. दुसरा मेसेज खास माझ्यासाठी होता. रिंकच्या भिंतीवर लीगच्या इतिहासाचा बोर्ड लागणार आहे. पुरुष, ज्युनियर, बायका, सगळ्या विभागांत प्रत्येक सीझनला सर्वाधिक गोल कोणाचे, त्या खेळाडूचं नाव. "शीला, यू हॅव द लिस्ट्स. बाय थर्सडे, प्लीज."

अर्थातच याद्या माझ्याकडे आहेत. दुसऱ्या कोणाकडे असणार? मी एका कंपनीत ॲडमिन बघते, सिलिकॉन ओएसिसमध्ये. चारशे माणसांची कागदपत्रं मुदत संपण्याआधी नवी करून घेणं हे माझं काम. लीगला ॲडमिन येणारं कोणी हवं होतं म्हणून मी गेले आणि अडकले. सात सीझन मी मॅचची शीट लिहिली. घरात कपाटावर सात बॉक्स फाइल्स आहेत. सहा निळ्या. एक लाल.

इतिहास म्हणे. डगचा इतिहास मला पाठ आहे, दर वर्षी बक्षीस समारंभात तो ऐकवतो. वाळवंटात बर्फ, मूठभर वेडी माणसं, एकच गोलकीपर आणि तोच दोन्ही बाजूंनी खेळणारा, मग हळूहळू टीम, मग लीग, आपण सगळे एक फॅमिली. माझ्या फाइल्समधला इतिहास वेगळा आहे. माझ्याकडे खेळाडूंच्या यादीत शेरा लिहायची एक जागा आहे आणि तिथे सगळ्यात जास्त वेळा लिहिलेला शब्द आहे "एक्झिट", म्हणजे देश सोडून गेला. तेल कंपनीचं कॉन्ट्रॅक्ट संपलं, अख्खी डिफेन्सची फळी एका महिन्यात एक्झिट. बँकेने माणसं कमी केली, कॅप्टन एक्झिट. लीगचा खरा इतिहास व्हिसाचा आहे. पण तो भिंतीवर लावत नाहीत.

आणि बर्फ कोणाला कधी मिळायचा, त्याच्याही याद्या आहेत. पुरुषांना संध्याकाळ. ज्युनियरना शाळा सुटल्यावर. बायकांना शुक्रवारी सकाळी साडेसहा, रिंक ज्या मॉलमध्ये आहे तो उघडायच्या आधी. तेव्हा सुट्टी शुक्रवारची असे. बंद शटरांच्या रांगेतून आम्ही जायचो. मी स्वेटर घालून, हातात क्लिपबोर्ड, आणि पुढे पंधरा-वीस बाया स्वतःच्या उंचीच्या बॅगा ओढत. फरशी पुसणारी माणसं मशीन थांबवून बघत राहायची. त्यांना वाटत असावं, आम्ही मॉलमध्ये राहायलाच आलोय.

त्या बायांमध्ये माझी भाची होती. रेश्मा.

रेश्मा माझ्या मोठ्या बहिणीची, फिलोमिनाची मुलगी. जन्म इथलाच, शारजाचा, रोल्लातल्या दोन खोल्यांत वाढलेली. माहेर-सासर आमचं सगळं वसईचं, तिथे बर्फ म्हणजे मासळीच्या टोपलीवरचा. फिलोमिनाला हे खेळणं कधीच पटलं नाही. "चर्चमधली शुक्रवारची मिस्सा सोडून पोरगी बर्फावर काठ्या घेऊन मारामारी करते, आणि तू तिची मावशी, तिथे बसून मोजतेस! काय मोजतेस गं? दात?"

"गोल मोजते."

"मोज. लग्नात आहेराची पाकिटं पण तूच मोज, सवय आहे."

आमची वसईची माणसं गल्फमध्ये शुक्रवारीच रविवार पाळायची, त्यामुळे फिलोमिनाचं दुखणं खरं होतं. रेश्मा संध्याकाळच्या मिस्साला जायची, अर्धे डोळे मिटून. केसांना तोच वास.

खेळायची मात्र अशी की माझी पेन्सिल अडखळायची. पेन्सिल, कारण बर्फाजवळ बॉलपेनची शाई गोठते. पहिल्याच महिन्यात मी हे शिकले आणि यादीत लिहिलं: पेन्सिली सहा, शार्पनर एक, रग एक. स्कोअररचं टेबल दोन शिक्षेच्या खोक्यांच्या मधे असतं. फाउल केलेल्या बाया दोन-दोन मिनिटं येऊन माझ्या डाव्या-उजव्या बाजूला बसायच्या आणि आपापल्या भाषेत शिव्या द्यायच्या. गोल झाला की रेफरी सरकत काचेजवळ येते आणि ओरडते फक्त नंबर. "नाइन! असिस्ट, फोर!" मी लिहायचं नऊ, चार; गोल नऊचा, पास चारचा. नाव नाही. नाव खेळाडूंच्या यादीत असतं, नंबरासमोर. हे नीट लक्षात ठेवा. सगळा घोळ इथे आहे.

त्या सीझनला, जो लाल फाइलमध्ये आहे, ख्रिसमसच्या सुट्टीपर्यंत मी नऊ नंबरासमोर नऊ गोल लिहिले होते. नऊ नंबर: रेश्मा इग्नेशियस डाबरे. इग्नेशियस म्हणजे माझे भावोजी, तिचे वडील.

मग सुट्टीत ती वसईला गेली आणि लग्न करून आली. मुलगा चांगला, क्लाइड लोपीस, इथेच हॉटेलात नोकरीला. त्या लग्नाची यादी मी केली होती. चाळीस कलमं. त्यातलं एकतिसावं कलम: पासपोर्टवरचं नाव बदलणे.

"मावशी, व्हाय शुड आय?" ती म्हणाली होती. "मला माझं नाव चालतं."

"तुला चालतं. उद्या फॅमिली व्हिसा करताना, पोरांच्या बर्थ सर्टिफिकेटला, शाळेच्या ॲडमिशनला चालणार नाही. लटकत ठेवू नकोस. एकदा केलं की खलास."

क्लाइड बिचारा म्हणाला, "आंटी, इट्स ओके, राहू दे ना." मी त्यालाही गप्प केलं. चारशे माणसांची कागदपत्रं सांभाळणारी बाई मी, मला शिकवणार हा? जानेवारीत परत आल्या आल्या मी रेश्माला अर्ज भरायला बसवलं, स्वतः रांगेत उभी राहिले. पासपोर्ट आला, पाठोपाठ इथलं ओळखपत्र आलं. रेश्मा क्लाइड लोपीस. आपल्याकडे बाईच्या नावात मधे बाप असतो, तो काढून तिथे नवरा बसवतात, आणि मागून आडनावही बदलतात. राहतं ते पुढचं एक नाव. त्याच्यावर कोणाचीच सही लागत नाही म्हणून राहत असावं.

आता लीगचा नियम. खेळाडूंच्या यादीतलं नाव ओळखपत्रावरच्या नावाशी जुळलं पाहिजे, आणि एकदा नोंदवलेली ओळ सीझन संपेपर्यंत बदलायची नाही. हा नियम माझा. त्याआधी एका टीमने कोणाच्या तरी नावावर व्हिजिट व्हिसावर आलेली पाहुणी खेळवली होती, म्हणून मी घातला, आणि कमिटीने टाळ्या वाजवून मंजूर केला. ओळ बदलायची नाही म्हणजे रेश्माची नवी ओळ. नवी ओळ म्हणजे नवा नंबर, कारण एक नंबर दोन नावांना देता येत नाही. तोही नियम माझाच.

शुक्रवारी सकाळी तिने नवीन जर्सी अंगात घातली. पाठीवर एकवीस.

"मावशी, सीरियसली? मी नऊ आहे. सगळे मला नऊ म्हणतात."

"नियम सगळ्यांना सारखा. तू भाची आहेस म्हणून तर जास्त सारखा."

टीममधल्या बाया हसल्या. मीही हसले. भाचीच्या बाबतीत मी काटेकोर आहे हे चारचौघांनी बघितलं, याचं मला बरं वाटलं होतं. आज लिहिताना लाज वाटते, पण वाटलं होतं.

त्याच महिन्यात अल ऐनच्या टीमच्या कॅप्टनचंही लग्न झालं. मरियम. इथलीच, अमिराती, हेल्मेटच्या आत काळा हूड घालून खेळायची आणि बर्फावर वाकून अशी वळायची की कडेला बसलेल्या आमच्या अंगावर बर्फाचा चुरा उडायचा. लग्नानंतरच्या मॅचला तिने खजुराचे डबे आणले. मी माझ्या सवयीने विचारलं, "मरियम, नाव बदललं का? नवीन कार्ड दे, मला एन्ट्री करायला लागेल."

ती बघत राहिली. "व्हाय? माय फादर इज सेम फादर."

त्यांच्यात बाई मरेपर्यंत बापाच्या, आजोबाच्या नावाने चालते. लग्नाचा त्याच्याशी संबंध नाही. मरियमची एक ओळ, एक नंबर, पहिल्या मॅचपासून शेवटच्या मॅचपर्यंत. मी खजूर खाल्ला आणि पेन्सिलीला टोक केलं. तेव्हाच उजेड पडायला हवा होता. पडला नाही.

मार्च संपता संपता हिशेब असा होता. मरियम, चौदा गोल. रेश्मा इग्नेशियस डाबरे, नऊ. रेश्मा क्लाइड लोपीस, आठ.

नऊ आणि आठ किती हे मला कळत नव्हतं असं नाही. इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगत आले की ते राहून गेलं, ऑफिसमध्ये ऑडिट होतं, यादी घाईत गेली. खोटं आहे. मला माहीत होतं. बक्षिसाच्या आदल्या संध्याकाळी मी डगला फोन करून सांगितलं, या दोन ओळी एकाच मुलीच्या आहेत, जोडायच्या का? तो म्हणाला, "इज्न्ट शी युवर नीस? हाऊ विल इट लुक, शीला?"

कसं दिसेल. मावशीने शेवटच्या रात्री आकडे बदलले आणि भाचीला जिंकवलं, असं दिसेल. मी फोन ठेवला. एकदाच विचारलं. त्या रात्री दुसऱ्यांदा विचारलं नाही. सह्या केलेल्या शीट्स माझ्या मांडीवर होत्या, प्रत्येकीवर रेफरीची सही होती, दोन मिनिटांत सिद्ध झालं असतं. डगचा मला आजही राग येतो, आणि तो येऊ द्यायला मला आवडतं, कारण तो खाली ठेवला तर त्याच्याखाली दुसरा आहे.

समारंभ रिंकवरच झाला. नाव पुकारलं मरियमचं. ती कप घेऊन सरळ रेश्मासमोर येऊन उभी राहिली. "हबीबती, कम, होल्ड इट विथ मी. फॉर फोटो." रेश्माने हातमोजे घातलेल्या हातांनी टाळ्या वाजवल्या, धप धप, उशीवर मारल्यासारख्या, आणि मान हलवून नाही म्हणाली. डग फोटो काढत होता. "ब्यूटिफुल! फॅमिली!"

मी तेव्हाच त्याला बाजूला घेऊन म्हटलं, चूक झाली आहे. तो हसला. "शीट इज शीट, शीला. युवर रूल."

बाहेर पार्किंगमध्ये आलो. गारठ्यातून उन्हात आलं की चष्म्याच्या काचा एकदम पांढऱ्या होतात, चार-पाच मिनिटं काही दिसत नाही. मी गाडीच्या दाराशी चाचपडत उभी होते आणि बाजूने रेश्माचा आवाज आला. रागावलेला नव्हता, हाच त्रास.

"मावशी, हू इज रेश्मा लोपीस? शी स्कोअर्ड एट. नॉट बॅड, हां."

मी चष्मा काढून पुसायला घेतला.

"ॲन्ड धिस डाबरे गर्ल. नाइन. बोथ आर गुड प्लेयर्स. दोघी भेटल्या असत्या तर मजा आली असती."

काच पुसून मी बघितलं तेव्हा ती डिकीत बॅग कोंबत होती.

पुढच्या सप्टेंबरला मी सगळ्यांना नोंदणीचे फॉर्म पाठवले. तिच्या नावासमोर मी लिहिलंय: उत्तर नाही. दोन वर्षांनी तिला मुलगी झाली, एवा. मुलीच्या बर्थ सर्टिफिकेटला कागद कुठेच अडला नाही. एकतिसावं कलम बरोबर ठरलं. हेही मला लिहून ठेवायला हवं.

तर यंदाचा मेसेज. मी डगला लगेच फोन केला. बोर्ड लागणार त्या भिंतीखाली लाकडी बाक आहेत, तिथे बसून मुलं स्केट्सच्या नाड्या बांधतात. एवा आता तिथेच शिकायला जाणार आहे, या महिन्यापासून. आई खेळायची यावर तिचा विश्वास नाही. "मम्मा? ऑन आइस? शी डझन्ट ईव्हन लाइक कोल्ड वॉटर." माझ्यासमोर म्हणाली. रेश्मा भाजी चिरत राहिली.

"डग, रेश्माच्या शेवटच्या सीझनची यादी चुकीची आहे," मी म्हटलं.

"कम ऑन. व्हॉट्स पब्लिश्ड इज पब्लिश्ड. लेट्स नॉट री-ओपन हिस्टरी."

"हिस्टरी माझ्या कपाटावर आहे."

"थर्सडे, शीला," तो म्हणाला. "देअर्स ॲन ऑनलाइन फॉर्म. यू फिल इट."

बुधवारी ऑफिस सुटल्यावर मी लाल फाइल घेऊन रेश्माकडे गेले. ती माझ्या ऑफिसपासून तीन टॉवर पलीकडे राहते. एकेक शीट टेबलावर मांडली. पेन्सिलीचा रंग जरा फिका झालाय, पण सगळं वाचता येतं. तिने हात लावला नाही.

"मावशी, जाऊ दे ना. कोण बघणार आहे?"

"जी बघणार आहे ती आत कार्टून बघतेय."

तिने आतल्या खोलीकडे बघितलं. मी वही उघडली. "सतरा गोल. नाव एकच जाईल. मला एवढंच सांग, कुठलं लिहू? डाबरे की लोपीस? पप्पांचं लिहिलं तर क्लाइडला—"

"क्लाइडला काही वाटणार नाही. तुलाच वाटतंय." ती पहिल्यांदाच चिडली. बरं वाटलं मला. "डाबरे लिही, लोपीस लिही, म्हणजे परत कोणीतरी अर्धी. यू नेव्हर आस्क्ड मी, मावशी. तेव्हा पण नाही विचारलंस. यादी आणलीस फक्त."

"आता विचारतेय."

"रेश्मा."

"पुढे?"

"पुढे काही नाही. जस्ट रेश्मा."

"एकेरी नाव चालत नाही गं." तोंडातून आपोआप गेलं. वीस वर्षं मी हेच वाक्य काउंटरच्या या बाजूने म्हणत आलेय. आमच्या कंपनीच्या मुहैस्नाहच्या कामगार कॅम्पमध्ये एक मुरुगन आहे, तमिळ, पासपोर्टवर फक्त मुरुगन. किती वेळा त्याचा फॉर्म परत आला. आडनावाची जागा रिकामी चालत नाही. शेवटी मीच युक्ती केली, तेच नाव दोनदा. गेली नऊ वर्षं त्याच्या बॅजवर मुरुगन मुरुगन आहे. ऑफिसमधली पोरं त्याला हाक मारतानाही दोनदा मारतात. तो एकदाच ओ देतो.

गुरुवारी सकाळी मी डगचा फॉर्म उघडला. सहा सीझन निळ्या फाइलींमधून दहा मिनिटांत भरले. मग सातवा. विभाग: बायका. गोल: सतरा. नाव: रेश्मा. आडनाव, लाल चांदणी, भरल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. मी भरलं: रेश्मा. एक रेश्मा नऊ गोलांची, एक आठ गोलांची. दोघींची भेट मीच घालून दिली. उशिरा. सोबत सगळ्या शीट्स स्कॅन करून जोडल्या, आणि शेऱ्याच्या जागी लिहिलं: शीट इज शीट.

कमिटीच्या ग्रुपवर वीस मिनिटांत डगचा मेसेज आला. आमच्या ग्रुपमध्ये आता जुन्या कॅप्टनही आहेत, सगळ्यांनी तो वाचला.

"गाइज, हू ऑन अर्थ इज रेश्मा रेश्मा?"

मी टाइप करायला घेतलं. उत्तर मी आठवडाभर मनात घासून ठेवलं होतं, मुद्देसूद, पाच कलमं, आणि एकही गोड नव्हतं. माझं दुसरं कलम चालू असतानाच अल ऐनहून मरियमचा मेसेज पडला. जिचं नाव त्या बोर्डवरून जाणार होतं, तिचा.

"नंबर नाइन," तिने लिहिलं होतं. आणि खाली, वेगळ्या ओळीत, "ॲन्ड ट्वेंटी-वन. आय वेटेड एट इयर्स फॉर समवन टु आस्क मी."

मी माझी पाचही कलमं पुसून टाकली. डगला एका शब्दानेही बोलले नाही. आठ वर्षं मीही मरियमला विचारलं नव्हतं.